अडलेल्या प्रश्नाशी खुडबुड कशी करावी

रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. एका फेब्रुवारीत तिथली बाटल्या भरायची लाइन रोज दुपारी बंद पडायला लागली. सकाळी सुरळीत चालायची, चारच्या सुमारास दहा-पंधरा मिनिटं अडखळायची आणि मग जणू काही झालंच नाही अशी पुन्हा धावायची. आम्ही तिघं अनुभवी माणसं. यंत्राची इलेक्ट्रॉनिक कार्डं बदलली, वायरी ओढून पाहिल्या, मोटर उघडली. साहेब डोक्यावर उभे होतेच. सहाव्या दिवशी आयटीआयमधून आलेला अप्रेंटिस मुलगा बाटल्या मोजणाऱ्या सेन्सरसमोर उभा राहून हाताच्या सावल्या पाडत बसला होता. मी रागावणार, तेवढ्यात काउंटरवरचे आकडे नीट पडू लागले. "सर, बघा ना, मी हात धरला की चालतं." पश्चिमेकडच्या पत्र्याला भोक होतं. त्यातून येणारी उन्हाची तिरीप चारच्या सुमारास नेमकी सेन्सरच्या काचेवर पडत होती. पुठ्ठ्याची टोपी करून लावली आणि लाइन चालू झाली.

त्या मुलाला आमच्यापेक्षा जास्त येत होतं असं मुळीच नाही. पण त्याचा हात चुकीच्या जागी गेला असता तरी कोणी त्याला जाब विचारणार नव्हतं, त्यामुळे तो वाटेल ते करून बघत होता. आमची प्रत्येक हालचाल मात्र हिशेबाची होती. "हे करून नाही झालं तर?" हा प्रश्न हाताच्या आधी धावायचा. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे की खेळकरपणाचा खरा उपयोग चूक स्वस्त करण्यात आहे. महाग चूक करायला कोणी धजत नाही, स्वस्त चूक माणूस पन्नासदा करतो आणि अवघड प्रश्नाला ते पन्नास प्रयत्न लागतातच.

आता निवृत्त होऊन ठाण्यात पाचपाखाडीला असतो. दर रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये मुलं जमतात, हल्ली चार-पाच मोठी माणसंही येतात आणि आम्ही कोडी, गणितं, बिघडलेली खेळणी, घरातले अडलेले प्रश्न घेऊन बसतो. तिथे जे उपयोगी पडत आलं आहे तेच इथे क्रमाने लिहितो.

पहिली पायरी: आधी मैदान आखा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक गाळतात. कृपा करून गाळू नका. जिथे एक चूक जिवावर किंवा खिशावर बेतते तिथे खेळायचं नसतं, तिथे आधी चूक स्वस्त होईल अशी जागा तयार करायची असते. ४१५ व्होल्टच्या पॅनेलमध्ये कोणी "बघू तर काय होतंय" म्हणत हात घालत नाही. मेन बंद करायचा, त्याला कुलूप लावायचं, "काम चालू आहे" ही पाटी अडकवायची, टेस्टरने खात्री करायची आणि मगच डोकं मोकळं सोडायचं. औषधाचा डोस, गॅसची जोडणी, दुसऱ्याचे पैसे, यांच्याशी खुडबुड नाही.

बाकी बहुतेक ठिकाणी मैदान आखणं सोपं असतं. हिशेबाची एक्सेल शीट असेल तर तिची कॉपी करा आणि कॉपीवर वाटेल ते उद्योग करा. गणित असेल तर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा घ्या, नव्या कोऱ्या वहीवर अडलेलं गणित सुरू करू नका, कारण तिथे खोडायला जीव होत नाही. यंत्र उघडायचं असेल तर प्रत्येक स्क्रू काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. माझी आई अनारशांचं पीठ भिजवल्यावर एकच अनारसा तुपात सोडून बघायची. हसला, म्हणजे तुपात पसरून सुटला, तर पिठाचं काय करायचं ते ठरवायचं, नाही हसला तर पुढचे. अख्खा घाणा घालून मग कपाळाला हात लावण्यापेक्षा एका अनारशाची चूक परवडते.

दुसरी पायरी: प्रश्न सोडवताय की स्वतःची परीक्षा देताय, ते ओळखा

अडलेल्या माणसाकडे मी बाहेरून बघतो तेव्हा तीन खुणा दिसतात. तो एकच गोष्ट तिसऱ्यांदा, जरा जास्त जोर लावून करतो. खांदे कानाकडे गेलेले असतात. आणि तोंडात प्रश्नाबद्दलचं वाक्य नसतं, स्वतःबद्दलचं असतं: "मला गणित जमतच नाही", "माझ्या हाताला यश नाही".

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टी थोड्याच असतात. काळजी तीच जागा अडवते. म्हणजे सात आणि आठचा गुणाकार करायला जी जागा लागते, तिथेच "नापास झालो तर बाबा काय म्हणतील" येऊन बसतं. सिअन बायलॉक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर पुष्कळ काम केलं आहे. २०११ मध्ये त्यांनी आणि जेरार्डो रामिरेझ यांनी दाखवलं की परीक्षेच्या तोंडावर दहा मिनिटं आपली काळजी कागदावर लिहून काढली, तर परीक्षेला घाबरणाऱ्या मुलांचे गुण सुधारतात. आमच्याकडे आम्ही हेच करतो. कागदाच्या डाव्या कोपऱ्यात काळजी लिहायची, अगदी स्पष्ट शब्दांत, आणि कागद उलटा करायचा.

मग वाक्य बदलायचं. "हे का चालत नाही?" यात आरोप आहे, उत्तर एकच हवं आहे आणि तेही आत्ता. त्याऐवजी विचारा: "हे कशाकशामुळे बंद पडू शकेल?" आता यादी करायची आहे. यादीत चुकीचं काही नसतं. माणूस सैल होतो आणि तिसऱ्या-चौथ्या नोंदीनंतर यादीत काहीतरी नवं उतरतं.

पालकांना इथे एक सांगायलाच हवं. कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर या मानसशास्त्रज्ञांचा १९९८ चा अभ्यास आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांनी कोडी सोडवल्यावर काहींना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू मेहनत घेतलीस" म्हटलं. मग मुद्दाम कठीण कोडी देऊन त्यांना अडवलं. त्यानंतर पहिल्यासारखीच सोपी कोडी दिली, तेव्हा "हुशार" म्हटलेल्या मुलांची कामगिरी घसरली आणि मेहनतीचं कौतुक झालेल्यांची सुधारली. हुशार ठरलेल्या मुलाला प्रत्येक कोडं म्हणजे ती पदवी जाण्याची भीती. "किती हुशार गं माझी बाय ती" हे आपल्याकडे प्रेमाने म्हटलं जातं, पण कोडं सुटल्यावर ते म्हणू नका. "तू ते उलटं करून बघितलंस ते कसं सुचलं?" असं विचारा. मुलं रंगवून सांगतात आणि सांगताना ती युक्ती पक्की होते.

तिसरी पायरी: प्रश्नाचं खेळणं करा

डोक्यात फिरणारा प्रश्न हाताने हलवता येत नाही, म्हणून तो बाहेर काढून टेबलावर मांडा. बाटल्यांची झाकणं, बटणं, चिठ्ठ्या, काड्या, काहीही चालतं. माझं आवडतं साधन कॅरम बोर्ड.

आमच्या सोसायटीत नवी लिफ्ट बसवताना आवाराचा मोठा भाग चार महिने बंद होता. उरलेल्या जागेत चौदा गाड्या कशाबशा मावायच्या, त्याही एकामागे एक अशा सात जोड्यांत. आतली गाडी काढायची तर बाहेरची हलवायला हवी. दोन मीटिंगा भांडणात गेल्या. प्रत्येक जण आपल्या जागेबद्दल बोलत होता, गाड्यांबद्दल कोणीच नाही. तिसऱ्या वेळी मी बोर्ड आणून मध्ये ठेवला. सकाळी साडेसातच्या आत निघणाऱ्यांच्या पांढऱ्या सोंगट्या, नंतर निघणाऱ्यांच्या काळ्या. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना दिसलं की पांढऱ्या बाहेर, काळ्या आत. मग तळमजल्यावरच्या काकूंनी, ज्यांच्याकडे गाडीच नाही, सोंगट्या संध्याकाळच्या क्रमाने परत आणायला सुरुवात केली आणि म्हणाल्या, "अहो, पण सकाळी लवकर जाणारा संध्याकाळी आधी येतो ना? मग तो आत अडकणार!" खरा पेच तो होता आणि दोन मीटिंगांत तो कोणाच्या तोंडून आला नव्हता. सोंगट्या फिरवून फिरवून अशा अडकणाऱ्या तीनच जोड्या राहतील अशी मांडणी निघाली. त्या सहा घरांनी एकमेकांकडे जादा किल्ल्या ठेवल्या.

आवाज चढला नाही, कारण हरत होती ती सोंगटी, माणूस नव्हे. आणि एक चाल मागे घ्यायला कोणाचीच हरकत नव्हती.

चौथी पायरी: लहान करून बघा

वीस जणी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमल्या. प्रत्येकीने इतर प्रत्येकीला तिळगुळाची एक वडी दिली. एकूण वड्या किती? वीस जणींचं चित्र डोळ्यांपुढे आणलं की गोंधळ होतो. म्हणून वीस सोडून द्या. दोघीच आल्या असत्या तर? दोन वड्या. तिघी? सहा. चौघी? बारा. पाच जणी? वीस. आता आकडे ओळीत लिहा: २, ६, १२, २०. एक दुणे दोन, दोन त्रिक सहा, तीन चोक बारा, चार पाचे वीस. मुलं इथे ओरडतात. वीस जणींसाठी १९ गुणिले २०, म्हणजे ३८० वड्या.

लहान करण्यात एक पथ्य आहे: इतकं लहान करा की उत्तर लाजिरवाणं सोपं वाटेल. मोठ्यांना हे जड जातं, त्यांना "दोघीच" पासून सुरुवात करणं पोरकट वाटतं. तो पोरकटपणा मुद्दाम करायचा आहे.

पाचवी पायरी: सवयीला फसवा

पुढे वाचण्याआधी हे खरंच करून बघा. तीन भांडी आहेत. पहिल्यात २१ मापं पाणी मावतं, दुसऱ्यात १२७, तिसऱ्यात ३. बरोबर १०० मापं मोजून द्यायची आहेत. उत्तर: मोठं भरा, त्यातून पहिलं भांडं एकदा आणि तिसरं दोनदा भरून काढा. १२७ वजा २१ वजा ६, राहिले १००.

आता भांडी २३, ४९ आणि ३ मापांची आहेत, हवी आहेत २० मापं. ४९ वजा २३ वजा ६ केलंत का? उत्तर बरोबर आहे. पण २३ मधून ३ काढले तरी २० च राहतात.

अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये हे प्रयोग प्रसिद्ध केले. लांबच्या रस्त्याने सुटणारी काही उदाहरणं ओळीने दिली की पुढे जवळचा रस्ता समोर असूनही बहुतेक लोक लांबूनच जायचे. अनुभवी माणसाचा धोका हाच आहे. आमच्या लाइनवर आम्ही कार्डं बदलत बसलो ते त्याआधी दोनदा कार्डच गेलं होतं म्हणून.

वस्तूंच्या बाबतीतही तसंच घडतं. मानसशास्त्रज्ञ कार्ल डंकर यांचं कोडं प्रसिद्ध आहे: मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेली छोटी पेटी दिलेली आहे, मेणबत्ती भिंतीवर अशी लावा की मेण टेबलावर सांडणार नाही. लोक मेणबत्तीलाच टाचण्या टोचत बसतात. उत्तर म्हणजे पेटी रिकामी करून ती टाचणीने भिंतीला लावायची आणि तिच्यावर मेणबत्ती ठेवायची. टाचण्या आधीच पेटीबाहेर ठेवल्या तर हे लवकर सुचतं, कारण मग पेटी "टाचण्यांची" राहत नाही.

याच कोड्यावर ॲलिस आयसेन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एक गोष्ट तपासली. आधी काही मिनिटं विनोदी फिल्म बघितलेल्यांपैकी जास्त लोकांना कोडं सुटलं. म्हणून आम्ही रविवारची सुरुवात पाच मिनिटं गप्पा आणि हशाने करतो आणि ती वाया गेलेली पाच मिनिटं मानत नाही.

सवय मोडायला मी तीन गोष्टी करायला लावतो. समोरच्या प्रत्येक वस्तूचं नाव न घेता वर्णन करा: "पेटी" नाही, "चार कडा असलेला पुठ्ठा". मग उत्तर मुद्दाम चुकीचं काढा: ही लाइन दुपारी चारलाच बंद पाडायची असेल तर मी काय करीन? हा प्रश्न आम्ही पहिल्या दिवशी विचारला असता तर "चारला काय बदलतं?" इथे आलोच असतो आणि उन्हाकडे नजर गेली असती. तिसरं, शेवटाकडून सुरुवात करा. संध्याकाळच्या सोंगट्या हेच होतं.

बक्षीस कधी ठेवावं, कधी ठेवू नये

सॅम ग्लक्सबर्ग यांनी १९६२ मध्ये डंकरचंच कोडं पैशाचं बक्षीस लावून दिलं. बक्षिसाच्या आशेने काम करणाऱ्यांना उलट जास्त वेळ लागला. टाचण्या आधीच पेटीबाहेर ठेवल्या, म्हणजे कोड्यातला पेच काढून टाकला, तेव्हा मात्र बक्षीसवाले पुढे गेले. रस्ता माहीत असेल तर बक्षीस पाय उचलायला लावतं. रस्ता शोधायचा असेल तर तेच नजर अरुंद करतं. तेव्हा पाढे पाठ करायला, खोली आवरायला खुशाल काहीतरी ठेवा. पण "हे गणित सोडवलंस तर मोबाइल" असं कठीण गणिताला लावू नका.

सहावी पायरी: उठायचं कधी

पंचवीस मिनिटं मन लावून खटपट केली आणि नवं काही सुचेनासं झालं, की उठा. आमच्याकडचे काही जण थेट तलावपाळीला एक फेरी मारून येतात. फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वांकारे यांनी लिहून ठेवलं आहे की कित्येक दिवस डोकं घातलेल्या एका प्रश्नातला कळीचा दुवा त्यांना कुतांस या गावी घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाय ठेवताना सुचला, गणिताचा विचार मनात नसताना.

पण या गोष्टीतला आधीचा भाग विसरू नका. ते आधी कित्येक दिवस भिडलेले होते. न भिडता मारलेली फेरी ही नुसतीच फेरी. आणि उठण्याआधी एक ओळ लिहून ठेवा: "परत आल्यावर आधी हे करून बघणार." ती ओळ नसेल तर परत बसताना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते आणि तिथेच बरेच जण सोडून देतात.

चार जण मिळून बसताना

नियम दोनच. पहिली दहा मिनिटं फक्त येडे उपाय सांगायचे, एकेकाने किमान एक. आणि त्या दहा मिनिटांत "हे आम्ही करून बघितलंय" हे वाक्य बंद. ऑफिसात असाल तर सगळ्यात वरच्या माणसाने पहिला येडा उपाय सांगावा. त्याने तो सांगितला नाही, तर बाकीचे तोंड उघडत नाहीत, हे मी पंचवीस वर्षं बघितलं आहे. रबाळ्याचा तो अप्रेंटिस मीटिंगला बोलावलेलाच नव्हता. बोलावला असता तरी आमच्यासमोर तो गप्पच बसला असता.

वही ठेवा

फसलेले प्रयत्नही तारीख घालून लिहा. काय केलं, काय होईल असं वाटलं होतं, काय झालं. यातली मधली गोष्ट महत्त्वाची, कारण वाटलं होतं एक आणि झालं भलतंच, तिथेच धागा असतो.

खेळाच्या वहीने काय होतं याचं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले आणि शाळा शिकले ठाण्यात. पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळामास्तर होते. मोठी पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. आकड्यांशी खेळणं मात्र आयुष्यभर सुटलं नाही. १२१, १२३२१, १२३४३२१ अशा आकड्यांच्या एका कुळाला त्यांनी "डेम्लो संख्या" म्हटलं, कारण ती कल्पना त्यांना डेम्लो स्टेशनवर सुचली. डेम्लो म्हणजे आपलं डोंबिवली. आज त्याच फलाटावर गाडीची वाट बघताना ११ चा, १११ चा वर्ग करून बघा, हे आकडे लगेच भेटतील.

त्यांचा सगळ्यात गाजलेला शोध १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला गेला. कोणतेही चार अंक घ्या, चारही सारखे नकोत. समजा ३५२४. उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि ६१७४ ला तेच केलं तर पुन्हा ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पावलांत इथेच पोचता.

मी हे एका रविवारी फळ्यावर करून दाखवलं. पोरांनी दहा-बारा आकडे तपासले, मग तीन अंकी घेतले, ते सगळे ४९५ ला जाऊन थांबले. सहावीतल्या एका मुलीने कोणालाही न विचारता दोन अंकी घेतले. थोड्या वेळाने कागद घेऊन आली. "काका, हे थांबतच नाही." तिने लिहिलं होतं: ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि पुन्हा ८१. तिला वाटलं आपली वजाबाकी चुकली. तिने दुसरा आकडा घेतला, तरी त्याच पाचांत अडकली, तिसरा घेतला, तरी तेच. सगळे नवाच्या पाढ्यातले कसे, हे तिने त्या दिवशी विचारलं, मी उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारी ती पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन आली, त्यावर पाच अंकी आकडे होते.